सीमेपलीकडची साक्ष : मुंबई, रावळपिंडी आणि द हेग

८ फेब्रुवारी २०१६. मुंबईच्या सत्र न्यायालयात एका पडद्यावर डेव्हिड हेडली दिसत होता. २६/११ च्या हल्ल्यापूर्वी मुंबईत वारंवार येऊन ताज, छत्रपती शिवाजी टर्मिनस, छाबड हाऊस अशा ठिकाणांची टेहळणी करणारा हाच तो इसम. तो बसला होता अमेरिकेतील एका गुप्त ठिकाणी. साक्ष मात्र नोंदवली जात होती भारतीय कायद्यानुसार, विशेष न्यायाधीश जी. ए. सानप यांच्यासमोर. प्रश्न विचारत होते विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम. खटला होता झबिउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल याच्यावरचा.

त्या आठवड्यात चर्चा झाली ती हेडली काय बोलला याची. मला अधिक कुतूहल वाटते ते त्याआधीच्या प्रश्नाचे : मुंबईच्या न्यायालयाचा हुकूम अमेरिकेच्या तुरुंगातील कैद्यापर्यंत पोहोचला कसा? आजचा धागा त्याविषयी आहे. आणि त्याच वाटेने पुढे गेले की द हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयांची सर्वांत मोठी अडचणही समजते.

प्रथम एक जवळचे उदाहरण. आमच्या ढाणकीच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. १९४७ पर्यंत या नदीच्या अलीकडे इंग्रजांच्या कारभाराखालचे वऱ्हाड होते आणि पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. गंमत अशी की वऱ्हाडवरही नावापुरते सार्वभौमत्व निजामाचेच होते. १९०२ च्या करारान्वये इंग्रजांनी तो मुलूख कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला होता. तरीही अलीकडे गुन्हा करून पलीकडे गेलेल्या माणसाला नुसते नदी ओलांडून धरून आणणे कायद्यात बसत नव्हते. संस्थानांशी होणारी आरोपींची देवघेव १९०३ च्या भारतीय प्रत्यार्पण कायद्यानुसार चाले. संस्थानातील पोलिटिकल एजंटाचे वॉरंट जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे यायचे आणि मगच आरोपी ताब्यात दिला जायचा. पावसाळ्याखेरीज पायी ओलांडता येणारी नदी, पण कायद्याच्या दृष्टीने ती दोन सत्तांमधली भिंत होती. १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांनी उमरखेडसारख्या ठिकाणी सीमेवरच्या छावण्या उभारल्या, त्यामागे ही भिंतही होती. निजामाच्या पोलिसांचा अधिकार अलीकडच्या काठावर चालत नव्हता.

ही भिंत माणसाला जशी अडवते तशीच पुराव्यालाही अडवते. साक्षीदार, कागद, बँकेचे खाते, दूरध्वनीची नोंद, पुरलेले प्रेत, यांपैकी प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या देशाच्या भूमीवर असते आणि तिला हात लावण्याचा अधिकार त्या देशाच्या कायद्यालाच असतो.

आता पुन्हा मुंबईकडे येऊ. हेडलीची साक्ष शक्य झाली ती तीन वेगवेगळ्या कायदेशीर धाग्यांमुळे आणि यांतला सर्वांत जुना धागा दहशतवादाशी संबंधित नव्हताच. तो होता वैद्यकीय निष्काळजीपणाच्या आरोपाचा एक खटला, महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई. मुंबईत १९८७ मध्ये एका कर्करुग्ण महिलेवर झालेल्या शस्त्रक्रियेविषयीचा तो वाद होता. शस्त्रक्रिया करू नये असे मत आधी न्यूयॉर्कमधील एका तज्ज्ञ डॉक्टरांनी दिले होते. हे डॉक्टर भारतात येऊन साक्ष देण्यास तयार नव्हते, पण दूरदृश्य यंत्रणेद्वारे बोलायला तयार होते. अडचण आली फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७३ ची. पुरावा आरोपीच्या ‘उपस्थितीत’ नोंदवावा, असे ते कलम सांगते. न्यूयॉर्कमधला साक्षीदार मुंबईतल्या आरोपीच्या उपस्थितीत आहे असे म्हणायचे कसे? मुंबई उच्च न्यायालयाने ही परवानगी नाकारली. १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. उपस्थिती म्हणजे केवळ शरीराने एका खोलीत असणे नव्हे. साक्षीदार दिसतो, ऐकू येतो, त्याला प्रश्न विचारता येतात, त्याच्या चेहऱ्यावरचे भाव न्यायाधीशाला पाहता येतात, एवढे पुरेसे आहे, असा त्या निकालाचा आशय होता. (त्या खटल्यातील डॉक्टरांना पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले, हेही नोंदवले पाहिजे.) ‘उपस्थिती’ या एका शब्दाच्या अर्थावरून झालेला हा वाद तेरा वर्षांनी २६/११ च्या खटल्यात उपयोगी पडला.

दुसरा धागा भारत आणि अमेरिका यांच्यातील फौजदारी बाबींतील परस्पर कायदेशीर सहाय्य कराराचा. १७ ऑक्टोबर २००१ रोजी त्यावर सह्या झाल्या आणि ३ ऑक्टोबर २००५ पासून तो अमलात आला. तिसरा धागा शिकागोच्या न्यायालयातला. १८ मार्च २०१० रोजी हेडलीने तेथे गुन्हा कबूल केला आणि त्या बदल्यात त्याला दोन गोष्टी मिळाल्या : मृत्युदंड टळला आणि भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्क यांच्याकडे त्याचे प्रत्यार्पण होणार नाही अशी हमी मिळाली. मात्र त्याच कबुली-करारात त्याच्यावर एक बंधनही आले. परदेशी न्यायालयातील खटल्यात तो अमेरिकेतून दूरदृश्य यंत्रणेद्वारे किंवा विनंतीपत्राच्या मार्गाने साक्ष देईल. आपल्याकडे या करारावर पुष्कळ टीका झाली आणि ती समजण्यासारखी आहे. पण मुंबईच्या पडद्यावर तो दिसला तो याच करारातील अटीमुळे, हेही तितकेच खरे.

जून २०१० मध्येच राष्ट्रीय तपास संस्थेच्या अधिकाऱ्यांनी शिकागोत जाऊन हेडलीची चौकशी केली होती. मग २०१६ ची वाट का पाहावी लागली? कारण माहिती आणि पुरावा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या कायद्यात तपास अधिकाऱ्यासमोर केलेले कथन खटल्यात स्वतंत्र पुरावा म्हणून चालत नाही. ते तपासाला दिशा देते, बस्स. न्यायालयासमोर शपथेवर सांगितलेले आणि उलटतपासणीतून तावूनसुलाखून निघालेले कथन म्हणजे साक्ष. म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने हेडलीला माफीचा साक्षीदार केले, फेब्रुवारीत त्याची सरतपासणी झाली आणि मार्चमध्ये अबू जुंदालच्या वकिलांनी त्याची उलटतपासणी घेतली. ज्यांना हा शेवटचा भाग केवळ उपचार वाटतो त्यांच्यासाठी आता पाकिस्तानची कहाणी.

याच हल्ल्याच्या कटाबद्दल झकीउर रहमान लखवीसह सात जणांवर रावळपिंडीच्या अडियाला तुरुंगात दहशतवादविरोधी न्यायालयापुढे खटला चालू होता. त्या न्यायालयाला मुंबईतले साक्षीदार हवे होते : कसाबचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या दंडाधिकारी रमा सावंत-वाघुले, मुख्य तपास अधिकारी रमेश महाले आणि शवविच्छेदन करणारे दोन डॉक्टर. मार्च २०१२ मध्ये पाकिस्तानचा न्यायिक आयोग मुंबईत आला. त्यात सरकारी वकील होते, तसे आरोपींचे वकीलही होते. चौघांचे जबाब नोंदवले गेले. मात्र दोन्ही सरकारांमधील समझोत्यानुसार उलटतपासणीला परवानगी नव्हती. आयोग परत गेला आणि जुलै २०१२ मध्ये त्या न्यायालयाने मुंबईत गोळा केलेले सारे बाजूला सारले. ज्या साक्षीदाराला आरोपीच्या वकिलाने प्रश्न विचारलेले नाहीत, त्याचे कथन आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, असे कारण दिले गेले.

त्या वेळी आपल्याकडे याचा अर्थ ‘पाकिस्तानची चालढकल’ एवढाच लावला गेला. चालढकल झाली यात शंका नाही. त्या खटल्याचा एकूण इतिहासच तसा आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर मुंबईतल्या कोणत्याही न्यायाधीशानेही तोच आक्षेप मानला असता. पाकिस्तानात आजही १८९८ चीच फौजदारी प्रक्रिया संहिता चालते. आपणही १९७४ पर्यंत तीच वापरत होतो. दोन्ही घरांचा पाया एकच. त्यामुळे मला वाटते, चूक समझोत्यातच होती. दोन देशांनी पुरावा गोळा करण्याची व्यवस्था ठरवली, पण तो ज्या न्यायालयात वापरायचा होता तेथे टिकेल का, हे पाहिले नाही. अखेर सप्टेंबर २०१३ मध्ये दुसरा आयोग आला, याच साक्षीदारांना पुन्हा बोलावले गेले आणि या वेळी उलटतपासणी झाली. अठरा महिने गेले होते. त्यानंतर १५ महिन्यांनी, डिसेंबर २०१४ मध्ये लखवीला जामीन मिळाला आणि एप्रिल २०१५ मध्ये तो तुरुंगाबाहेर आला.

आतापर्यंतच्या कहाणीत निदान प्रत्येक न्यायालयाच्या पाठीशी एक राज्य होते, पोलीस होते, तुरुंग होता. आता अशा न्यायालयाचा विचार करा ज्याला यातले काहीही नाही. एक शिपाई पाठवून एका घराची झडती घ्यावी, तर ते घर ज्या गावात आहे त्या देशाची परवानगी हवी.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्यूरेंबर्ग न्यायाधिकरणाला ही अडचण भासली नाही, कारण जर्मनीवर विजेत्यांचाच ताबा होता. कागदपत्रांची कपाटे, साक्षीदार, आरोपी, सारे त्यांच्याच हाती होते. टोकियोतही तसेच. खरी कसोटी लागली ती २५ मे १९९३ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने युगोस्लाव्हियासाठी आणि ८ नोव्हेंबर १९९४ रोजी रवांडासाठी न्यायाधिकरण स्थापन केले तेव्हा. पहिल्याचे कार्यालय द हेगला, दुसऱ्याचे टांझानियातील अरुशाला. गुन्हे घडले ती भूमी दोघांच्याही ताब्याबाहेर. सुरक्षा परिषदेने सर्व राष्ट्रांना सहकार्याचा आदेश दिला. पण एखाद्या देशातल्या दंडाधिकाऱ्याला सुरक्षा परिषदेचा ठराव दाखवून भागत नाही. तो विचारतो, माझ्या कायद्यात हे कुठे लिहिले आहे?

पहिला आरोपी दुश्को तादिच फेब्रुवारी १९९४ मध्ये म्युनिकला पकडला गेला. जर्मनीची सोपवण्याची तयारी होती, पण आपला नागरिक नसलेल्या आरोपीला दुसऱ्या देशाकडे नव्हे तर एका आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाकडे सोपवण्याची तरतूद जर्मन कायद्यात नव्हती. एप्रिल १९९५ मध्ये त्यासाठी खास कायदा झाला आणि त्याच महिन्यात तादिच द हेगला पोहोचला.

अमेरिकेने फेब्रुवारी १९९६ मध्ये अशी तरतूद केली. तीही संरक्षण खर्चाच्या अवाढव्य विधेयकात एक कलम घालून. रवांडातील एक धर्मोपदेशक एलिझाफान न्ताकिरुतिमाना टेक्सासमध्ये आश्रयाला होता. चर्चच्या आवारात आसरा घेतलेल्या तुत्सींच्या हत्याकांडात सहभागाचा आरोप त्याच्यावर होता. सप्टेंबर १९९६ मध्ये त्याला अटक झाली. डिसेंबर १९९७ मध्ये टेक्सासमधील दंडाधिकाऱ्याने त्याला सोडून दिले. कारणे दोन : न्यायाधिकरणाशी अमेरिकेचा तह नाही, नुसत्या कायद्याने माणूस सोपवता येणार नाही, आणि पाठवलेली प्रतिज्ञापत्रे पुरेशी नाहीत. पुन्हा अर्ज, पुन्हा सुनावणी, अपील. मार्च २००० मध्ये तो अरुशाला पोहोचला आणि २००३ मध्ये दोषी ठरला. सुरक्षा परिषदेचा कायम सदस्य असलेल्या, हे न्यायाधिकरण स्थापन करण्यात पुढाकार घेतलेल्या देशात ही साडेतीन वर्षे गेली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु या साऱ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो बोस्नियातील क्रोएशियन सेनानी तिहोमिर ब्लाश्किच याचा खटला. मध्य बोस्नियात मुस्लिम नागरिकांवर झालेल्या अत्याचारांबद्दल त्याच्यावर आरोप होते. त्याने नेमके कोणते हुकूम दिले, त्याच्या हाताखालच्या कोणत्या तुकड्या खरोखर त्याच्या आज्ञेत होत्या, हे सांगणारे कागद क्रोएशियाकडे होते. जानेवारी १९९७ मध्ये न्यायाधिकरणाने थेट क्रोएशियाला आणि तिच्या संरक्षणमंत्र्यांना समन्स काढले : कागद घेऊन या, नाहीतर शिक्षा. क्रोएशियाने आव्हान दिले. २९ ऑक्टोबर १९९७ रोजी अपील पीठाने निर्णय दिला. राष्ट्राला शिक्षेची धमकी देता येणार नाही आणि सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या पदाच्या कामाबद्दल समन्सही काढता येणार नाही. न्यायाधिकरण राष्ट्राला बंधनकारक आदेश देऊ शकते. तो मोडल्यास सुरक्षा परिषदेला कळवू शकते. पुढे परिषद काय ते पाहील.

म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाची ताकद संपते कुठे, हे त्या न्यायालयानेच लिहून दिले. पुढची घटना आणखी बोलकी आहे. मार्च २००० मध्ये ब्लाश्किचला ४५ वर्षांची शिक्षा झाली. दरम्यान, डिसेंबर १९९९ मध्ये क्रोएशियाचे अध्यक्ष फ्रान्यो तुजमान यांचे निधन झाले, राजवट बदलली आणि दडवलेली दफ्तरे हळूहळू खुली झाली. त्या कागदांच्या आधारे अपील चालले आणि जुलै २००४ मध्ये बहुतेक आरोप रद्द होऊन शिक्षा ९ वर्षांवर आली. पुरावा मिळाला नाही की गुन्हेगार सुटतो, अशी आपली समजूत असते. येथे उलटे झाले. दडवलेला पुरावा आरोपीच्या बाजूचा होता.

१७ जुलै १९९८ रोजी रोममध्ये कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार १२० विरुद्ध ७ मतांनी संमत झाला, तेव्हा हे अनुभव ताजे होते. म्हणून कराराचा एक पूर्ण भाग सहकार्यावर खर्ची पडला. कलम ९३ मध्ये मदतीची यादी आहे : शपथेवर साक्ष घेणे, समन्स बजावणे, झडती आणि जप्ती, पुरलेली प्रेते उकरून तपासणे, साक्षीदारांना संरक्षण, मालमत्ता गोठवणे. मात्र माझ्या मते कळीची कलमे दोन. कलम ८८ म्हणते, प्रत्येक सदस्य देशाने या मदतीची प्रक्रिया आपल्या राष्ट्रीय कायद्यात तयार ठेवावी. आणि कलम ९९ म्हणते, विनंतीची अंमलबजावणी त्या देशाच्या कायद्याप्रमाणे होईल. परंतु तो कायदा मनाई करत नसेल तर न्यायालयाने सांगितलेल्या पद्धतीने होईल. २०१२ च्या मुंबईत नेमके हेच हवे होते. पुरावा कुणाच्या भूमीवर घ्यायचा एवढेच नव्हे, तर ज्या न्यायालयात तो वापरायचा त्याच्या पद्धतीने घ्यायचा.

कायदा असूनही इच्छा नसेल तर काय होते, ते केनियाने दाखवले. तेथे २००८ मध्येच आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांविषयीचा कायदा झाला होता. २००७-०८ च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराबद्दल आरोपी ठरलेले उहुरू केन्याटा पुढे देशाचे अध्यक्ष झाले. अभियोक्त्यांना त्यांच्या बँक, जमीन आणि दूरध्वनीच्या नोंदी हव्या होत्या. त्या पुरेशा मिळाल्या नाहीत. केनिया सरकारचे सहकार्य सद्भावनेच्या कसोटीला उतरत नाही असे न्यायपीठाने म्हटले आणि डिसेंबर २०१४ मध्ये आरोप मागे घेतले गेले. याच देशातील दुसऱ्या खटल्यात, त्याच वर्षी, न्यायालयाने साक्ष देण्यास कचरणाऱ्या साक्षीदारांना केनिया सरकारमार्फत समन्स बजावण्याचा अधिकार आपल्याला आहे असे ठरवले.

आणि भारत? रोममध्ये २१ देश तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. आक्षेप तीन होते : सुरक्षा परिषदेला न्यायालयाबाबत दिलेले अधिकार, अण्वस्त्रांच्या वापराचा गुन्ह्यांत नसलेला समावेश आणि दहशतवादाचा नसलेला समावेश. दहा वर्षांनी मुंबईवर हल्ला झाला तेव्हा भारत सदस्य नव्हता, पाकिस्तानही नव्हता आणि दहशतवाद त्या न्यायालयाच्या यादीत नव्हता. म्हणून २६/११ द हेगला जाण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. तो मुंबई, शिकागो आणि रावळपिंडी अशा तीन ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी चालला.

तरीही आपल्या कायद्यात या विषयाला दोन खिडक्या आहेत. एक फारशी कुणाला माहीत नसलेली : १९४७ चा संयुक्त राष्ट्र (सुरक्षा परिषद) अधिनियम. परिषदेच्या निर्णयांच्या अंमलबजावणीसाठी केंद्र सरकारला आदेश काढण्याचा अधिकार तो देतो. युगोस्लाव्हिया किंवा रवांडाच्या न्यायाधिकरणाला भारतातला पुरावा लागला असता, तर तो मार्ग खुला होता, असे मला वाटते. दुसरी खिडकी १९९० मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत घातलेल्या कलम १६६-अ आणि १६६-ब यांची. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ११२ आणि ११३ झाली आहेत. पहिले कलम भारतातून बाहेर जाणाऱ्या विनंतीपत्राचे, दुसरे बाहेरून येणाऱ्या. हे दुसरे कलम ‘भारताबाहेरील देशातील किंवा ठिकाणातील’ न्यायालय अथवा प्राधिकरणाविषयी बोलते. द हेगमधले, पण कोणत्याही देशाचे नसलेले न्यायालय त्या शब्दांत बसते का? ‘उपस्थिती’ या शब्दावर जसा मुंबईतून दिल्लीपर्यंत वाद गेला तसा ‘ठिकाण’ या शब्दावरही एखाद्या दिवशी जाऊ शकेल.

हेडली अमेरिकेच्या तुरुंगात ३५ वर्षांची शिक्षा भोगत आहे. त्याचा साथीदार तहव्वुर राणा याला मात्र हमी देणारा कबुली-करार नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंतची सारी दारे ठोठावून झाल्यावर १० एप्रिल २०२५ रोजी त्याला विमानाने दिल्लीला आणण्यात आले.